बंड्याचं अळणी

मी कुत्र्याचं खाद्य खाल्लेलं आहे. चुकून नव्हे, तर दुकानात गिऱ्हाइकासमोर उभं राहून, दाणा दाताखाली कडकन फोडून. "पिशवीत नुसता भुसा भरून विकता," असं म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला याच्याइतका चांगला उपाय मला सापडला नाही. चव विचाराल तर उडदाच्या पापडाला सुकटीचा वास लागावा तशी. बायको म्हणायची, "घरात आमटीत मीठ कमी पडलं तर कपाळाला आठ्या, आणि तिथं कुत्र्याचं मिटक्या मारत खाताय."

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं कुत्र्यामांजरांच्या खाद्याचं दुकान होतं. वीसएक वर्षं मी ते चालवलं, गेल्या वर्षी भाचीच्या हाती दिलं. गावात मला सगळे अण्णा म्हणतात. माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. कुठलंही नखरेल कुत्रं असो, अण्णा त्याला कोरडं खाद्य खायला लावतो, असं लोक म्हणायचे. इचलकरंजी, गडहिंग्लजपासून माणसं गाडीत कुत्रं घालून यायची. मीही मग डॉक्टर असल्यासारखा चष्मा पुसून त्या कुत्र्याकडं बघायचो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "अण्णा, तुमच्या नखरेल कुत्र्यांचे किस्से लिहा, जरा हसतं-खेळतं पाहिजे." मी हो म्हटलं. लिहायला बसलो, तर पहिली दोन-तीन पानं हसत-खेळतच झाली. पुढचं लिहिताना मात्र मला लाज वाटायला लागली आणि ती अजून गेलेली नाही. तरी आधी हसण्यासारखं सांगून घेतो, कारण तेही खरंच आहे.

ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांच्यासाठी थोडं धंद्याचं सांगतो. ड्राय फूड म्हणजे धान्य, मांसाची भुकटी, चरबी वगैरे एकत्र करून भाजलेले दाणे. हिशेबी अन्न आहे. दात बरे राहतात, शी घट्ट होते, मापून देता येतं. पण कुत्र्याला यातलं काही कळत नाही. त्याला वास कळतो. शेजारच्या ताटात मटण असताना समोर कोरडे दाणे ठेवले तर ते एकदा दाण्यांकडं आणि एकदा तुमच्याकडं बघतं. त्या नजरेला माणूस विरघळतो आणि हातातली चपाती टाकतो. दुसऱ्या दिवशी कुत्रं त्या नजरेवरच सुरुवात करतं. मी लोकांना सांगायचो, न खाणारं कुत्रं तुम्हीच घडवलेलं असतं.

उपाय साधे होते. ताट ठेवायचं, वीस मिनिटांनी उचलायचं. हातानं भरवायचं नाही. मधे बिस्कीट नाही, खारी नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवले की वास सुटतो. नवीन खाद्य एकदम द्यायचं नाही, आठ-दहा दिवस जुन्यात मिसळत न्यायचं. पिशवी उघडी ठेवली की आपल्याकडच्या पावसात दाणे मऊ पडतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. एवढं नीट केलं तर दहातली बरीच कुत्री खायला लागतात. यात अण्णाचं काही कर्तृत्व नाही. पण गिऱ्हाईक "अण्णांच्या हाताला गुण आहे" म्हणायचं आणि मी नाही म्हणायचो नाही.

राजारामपुरीतल्या एका घरात स्वीटी नावाची पामेरियन होती. पाच माणसांचं कुटुंब. "अण्णा, आठ दिवस झाले, दाण्याला तोंड लावत नाही, हवेवर जगतीय बघा," असं सूनबाई सांगत होत्या. हवेवर जगणारी स्वीटी मात्र उशीसारखी गुबगुबीत होती. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. आजोबा म्हणाले, "मी काही देत नाही हो, फक्त चहातली खारी." सूनबाई फक्त तुपाची चपाती देत होत्या. मुलगा फक्त अंड्याचा बलक. आजींचं फक्त दूध. नात फक्त चॉकलेट, तेही तिच्याकडचं अर्धं. कुत्रीला भूकच लागत नव्हती. चॉकलेट कुत्र्याला वाईट, हे तिथं मी जोर देऊन सांगितलं आणि नातीनं ऐकलं. मी फ्रीजवर एक पाटी लटकवली आणि जो काही देईल त्यानं लिहायचं, असा नियम केला. चार दिवसांत स्वीटी दाणे खायला लागली. आजोबा पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण पाटीवर सगळ्यात जास्त वेळा त्यांचं नाव आलं होतं.

दुसरे एक तालमीतले पैलवान. त्यांच्याकडं उंच, सडपातळ कारवानी कुत्रा. सकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशी पिळल्या की यांना एक तांब्या धारोष्ण दूध आणि कुत्र्याला एक तांब्या. वर दाणे खाईना म्हणून तक्रार.

"अण्णा, मी सोता त्याच्यासमोर खाऊन दावलं, तरी खाईना."

"किती खाल्लं तुम्ही?"

"एक वाटी. आवो, बरं लागतंय की. माणसाला चालतंय न्हवं हे? प्रोटीन लई हाय म्हणं."

मी म्हटलं, आधी दाणे, मग दूध. एवढा एक बदल केला आणि काम झालं. पैलवानांनी स्वतःसाठी दाणे चालू ठेवले की नाही, ते मी विचारलं नाही.

आता अळणीकडं येतो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडं मटण करताना आधी ते हळद, मीठ, आलं-लसूण आणि भरपूर कांदा घालून, पाणी ओतून शिजवतात. या पहिल्या पाण्याला अळणी म्हणतात. नाव अळणी, पण मीठ असतं, नसतं ते तिखट. त्याच पाण्यातून पुढं तांबडा आणि पांढरा रस्सा होतो. तिखट पडायच्या आधी वाटीभर काढून लहान पोरांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. रविवारी-बुधवारी आमच्या गल्ल्यांतून त्याचा वास सुटतो, तेव्हा जेवून उठलेला माणूससुद्धा परत पाटावर बसतो.

माझ्या डोक्यात एक दिवस आलं की याचा चमचाभर दाण्यांवर घातला तर? घालून बघितला. ज्या कुत्र्यांनी महिनाभर दाणे हुंगले नव्हते, त्यांनी ताट चाटून चकाकवलं. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, मग रोज थोडं कमी करत पंधरा दिवसांत बंद, असं माझं शास्त्र ठरलं. "अण्णांचा अळणी फॉर्म्युला" म्हणून ते गावभर झालं. बाहेरच्या कुठल्या दुकानदाराला हे सुचलं नसतं, याचा मला फार अभिमान होता.

एक दिवस आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम दुकानात आल्या होत्या. मी एका गिऱ्हाइकाला अळणीचं सांगत होतो ते त्यांनी ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "अण्णा, कल्पना चांगली आहे, पण कांदा-लसणाशिवाय सांगत चला. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी तेच. एखाद्या वेळी पोटात गेलं तर दिसत नाही, पण वरचेवर गेलं तर कुत्रं पांढरं पडतं." मी मान हलवली. सांगतो म्हटलं.

आणि सांगितलंही, महिना-दीड महिना. पण झालं काय, "कांदा-लसूण न घालता" म्हटलं की बायका म्हणायच्या, "म्हंजे कुत्र्यासाठी येगळं पातेलं चढवू व्हय?" आणि पिशवी तिथंच ठेवून जायच्या. दोन दुकानं सोडून दुसरा खाद्यवाला होता, तो असलं काही सांगत नव्हता. मग मी ते वाक्य हळू आवाजात बोलायला लागलो. मग शेवटी, गिऱ्हाईक पायरी उतरताना. मग सोडूनच दिलं. मनाशी म्हटलं, कोल्हापुरातली कुत्री पिढ्यान् पिढ्या कांदा घातलेला रस्सा चाटत आलीत, कुठं काय झालं? डॉक्टर लोक पुस्तकातलं बोलतात.

हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

मंगळवार पेठेत आक्कांची खानावळ आहे. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एकटीनं खानावळ उभी केली. मी दर बुधवारी त्यांच्याकडं जेवायला जायचो. त्यांचा बंड्या दारात असायचा. काळा, एक कान मोडलेला, अर्धा गावठी आणि अर्धा कुठल्या तरी साहेबाच्या लॅब्रॅडॉरचा. गिऱ्हाइकं हाडं टाकायची, कुणी तांबड्यात भिजवून भाकरी टाकायचं. त्या तिखटानं त्याची कातडी खराब झाली, पाठीवरचे केस गेले. डॉक्टर मॅडमनी आक्कांना सांगितलं, हे सगळं बंद, फक्त ड्राय फूड. आक्का माझ्याकडं आल्या.

"अण्णा, डाक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून आलो. पर हे दाणं त्यो खाईल व्हय? मटनावर वाढलेलं प्वार हाय माझं."

मी छाती फुगवून म्हटलं, "आक्का, तुमच्याकडं रोजचं अळणी असताना काळजी कसली? वाटीभर घाला दाण्यांवर. नाही खाल्लं तर दुकान बंद करतो."

बंड्यानं पहिल्याच दिवशी खाल्लं. पंधरा दिवसांनी कमी करायचं, हे माझंच शास्त्र. पण आक्कांच्या बाबतीत मी तेही गुंडाळलं. "तुमच्याकडं रोज असतंयच, राहू दे की रोज," असं म्हणालो. कारण महिनाभरात बंड्याच्या पाठीवर केस आले, तो तकतकीत दिसायला लागला आणि खानावळीत येणारी माणसं विचारायला लागली. आक्का सगळ्यांना माझं नाव सांगायच्या. दारात बसलेली माझी जाहिरातच होती ती. जाहिरातीत बिघाड नको म्हणून मी अळणी चालू ठेवलं.

इतरांच्या घरी मटण आठवड्यातून एकदा-दोनदा. आक्कांच्या चुलीवर रोज मोठं पातेलं आणि त्यात कांद्याची रास. हा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता.

तीन-चार महिन्यांनी आक्कांचा फोन आला. "अण्णा, बंड्या आजकाल दाणं ठेवतोय ताटात. हुंगतोय आन् तोंड फिरवतोय."

मी दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात होतो. न बघताच सांगितलं, "नखरे आहेत आक्का. सवय झाली त्याला वासाची. असं करा, वरचं पाणी नको, बुडातलं दाट घाला. त्याला वास जास्त असतो."

बुडातलं दाट म्हणजे शिजून गळालेला कांदा. माझ्याच तोंडानं मी हे सांगितलं आणि वर दोन वाट्या घाला म्हणालो.

आठवड्यानं परत फोन; मधला बुधवार माझा चुकला होता. "पाय गाळून बसतोय ओ. उठवलं तर धापा टाकतोय. डाक्टरीणबाईंकडं न्हेऊ का?"

"न्यायला हरकत नाही, पण उगाच सुया टोचून घेताय," मी म्हणालो. "मन घट्ट करा. दोन दिवस ताट ठेवा आणि उचला. कुत्रं स्वतःला उपाशी मारत नाही."

हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. पूर्ण वाक्य आहे, निरोगी कुत्रं स्वतःला उपाशी मारत नाही. त्यातला 'निरोगी' मी कधी गाळला, ते आता आठवत नाही. आक्कांनी माझं ऐकलं. दोन दिवस त्यांनी ताट ठेवलं आणि उचललं. त्या दोन दिवसांत त्या स्वतःही नीट जेवल्या नाहीत, हे मला नंतर खानावळीतल्या वाढणाऱ्या बाईंकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का फोनवर रडत होत्या. रिक्षावाला कुत्रं घ्यायला तयार नव्हता. मी दुकानाची गाडी घेऊन गेलो. बंड्याला पोत्यावर घेऊन उचललं, तेव्हा त्यानं शेपटी एकदा हलवली. मी दर बुधवारी खाऊ घेऊन येणारा माणूस, म्हणून हलवली असेल. पायरीवर त्यानं लघवी केली होती, ती काळ्या चहाच्या रंगाची होती. ती बघितली आणि मला डॉक्टर मॅडमचं दुकानातलं बोलणं शब्द न् शब्द आठवलं.

मॅडमनी बंड्याचा ओठ वर केला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. त्यांनी आक्कांना विचारलं, "खायला काय देता?"

"तुमी सांगितल्यालं दाणंच की. आन् वर अळणी."

"अळणीत कांदा असतो?"

"असतोय की. कांद्याबिगर अळणी व्हतंय व्हय?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत राहिलो. त्यावर एका कुत्र्याचं चित्र होतं, त्याच्या गळ्यातला लाल पट्टा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मॅडमनी आक्कांना कांद्यानं काय होतं ते समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला हे अळणी घालायला कुणी सांगितलं होतं का?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्याच मनानं घालत हुतो."

त्यांना वाटलं, अण्णा भला माणूस, त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसणार, उगाच डॉक्टरांसमोर त्याची शोभा कशाला? माझी अब्रू राखायला त्या बाईनं दोष स्वतःवर घेतला. आणि मी तो घेऊ दिला. 'मी सांगितलं होतं' एवढे तीनच शब्द होते. ते तोंडातून निघाले नाहीत. मॅडमना सगळं कळलं होतं, पण आक्कांची अवस्था बघून त्या सलाईन लावायला वळल्या.

रक्त द्यावं लागेल म्हणाल्या. रक्त देण्याजोगं मोठं कुत्रं शोधायला मी दिवसभर फोन केले, पैलवानांचा कारवानी आणलाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या गेला. आक्कांच्या भाच्याच्या शेतात आम्ही त्याला मीठ घालून पुरलं. आक्का मातीला हात लावून म्हणाल्या, "माझ्या हातनं खाऊन गेलास रं लेकरा." मी फावडं घेऊन बाजूला उभा होतो.

त्यानंतर मी बुधवारचं जेवण बंद केलं. घरी सांगितलं, पित्त वाढलंय, मटण सोसत नाही. दुकानात अळणीचं सांगणंही बंद केलं. पण बंद केलं म्हणजे काय, तर नव्या गिऱ्हाइकांना सांगायचं थांबवलं. आधी ज्यांना सांगून बसलो होतो, त्यांना 'थांबवा' असं सांगितलं नाही. सांगायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. नावाला बट्टा लागला असता. त्यातल्या बऱ्याच जणांनी पंधरा दिवसांत बंद केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आक्कांबद्दल मात्र कानावर यायचं. त्यांनी दुसरं कुत्रं पाळलं नाही. खानावळीत कुणी कुत्र्याचा विषय काढला की हातातलं काम सोडून त्या सांगतात, "कांदा घालू नगासा बाबांनो. आमचा बंड्या मी मारला, ह्या हातानं." परक्या माणसांना, पावण्यांना, सगळ्यांना. दोन वर्षं त्या भरल्या खानावळीत हे बोलत होत्या आणि मी घरी पित्ताचं कारण सांगत होतो.

तर, हा लेख. स्वीटी झाली, पैलवान झाले आणि 'अळणी फॉर्म्युला' असं लिहून मी थांबलो. हा किस्सा गमतीनं लिहिला तर आक्काही तो वाचतील, कारण खानावळीत दर दिवाळीला अंक येतात. तीन दिवस कागद तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी जेवणावळ उरकायच्या वेळेला मी मंगळवार पेठेत गेलो.

आक्का मागच्या बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "या की अण्णा! किती दिसांनी. पित्त बरं हाय न्हवं आता? जेवून जावा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर परत काहीतरी दुसरंच बोललो असतो. उभ्या उभ्या सांगितलं. "आक्का, कांद्याचं मला माहीत होतं. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, बंड्याच्या कितीतरी आधी. धंदा जातो म्हणून मी लोकांना सांगायचं सोडलं. तुम्हाला बुडातलं दाट घालायला लावलं, तेव्हाही माहीत होतं. दवाखान्यातही गप्प बसलो."

आक्कांनी हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, ताटात टाकली, मग हात पदराला पुसले.

"दोन वर्सं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं मी रोज सकाळी अळणीचं पातेलं चढवतो आन् त्यात कांदा टाकताना बंड्या डोळ्याम्होरं येतोय. धंदा हाय, टाकावा तर लागतोयच. रोज मनात म्हणतो, आक्के, तुजी अक्कल कुठं गेलती?"

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही द्याल ती शिक्षा..."

"शिक्षा?" त्यांचा आवाज एवढा चढला की आतून भांडी घासणाऱ्या बाई डोकावल्या. इतक्या वर्षांत आक्का मला कधी अरे-तुरे बोलल्या नव्हत्या. "मला सांग, बाकीच्यास्नी सांगितलंस का? गावभर शिकवलंस त्ये अळणी. त्यास्नी सांगितलंस?"

मी मान खाली घातली.

"न्हाई. मग हितं कशाला आलास? बंड्या गेला. त्याला आता तुजं काय करायचं हाय? जी जित्ती हायत त्यांच्या घरला जा की! माझ्याम्होरं रडून तुला हलकं व्हायचंय व्हय? जा. सगळ्यांस्नी सांगून झालं की मग ये, तवर ह्या दारात येऊ नगोस."

मी चप्पल घालून निघालो. मला खरंच हलकं व्हायचं होतं. ते त्यांनी बरोबर ओळखलं.

घरी येऊन मोबाइल काढला. गिऱ्हाइकांचे नंबर मी माणसांच्या नावानं ठेवलेले नाहीत, कुत्र्यांच्या नावानं ठेवलेत. माणसाचं नाव विसरलं तरी कुत्र्याचं विसरायचं नाही, ही धंद्यातली युक्ती. ब्रूनो, जिमी, टायगर, राजा, लुसी. खाली खाली सरकवत गेलो, यादी संपेना.

पहिला फोन सोपा जावा म्हणून मी शिरोळच्या टायगरच्या मालकांना लावला. बागायतदार माणूस, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. टायगर त्यांचा अल्सेशियन, दरवाज्याएवढा. त्या कुत्र्याला काही झालं असेल हे शक्यच नव्हतं. मालक चिडले तरी शेवटी हसून सोडून देतील, असा माझा हिशेब.

"अण्णा! लई दिसांनी आठवण काढलासा," ते ओरडले. मागं ट्रॅक्टर चालू होता. मी म्हटलं, टायगर कसा आहे?

"टायगर? त्यो गेला की ओ, वरीस झालं." ट्रॅक्टर बंद झाला. "काय झालं कळलंच न्हाई. चांगला धडधाकट. हळूहळू वाळत गेला, नुसता पडून ऱ्हायचा. दाणं सोडलं, पाणी सोडलं. पर तुमचं अळणी मातूर शेवटापतोर चाटत हुता बघा. घरात मटन नसलं तर मंडळी त्याच्यासाठी शेजारनं मागून आणायची. अण्णांनी सांगितलंय म्हणायची. बरं, फोन कशासाठी केलासा?"

मी सांगितलं. मॅडमनी काय सांगितलं होतं ते, मी काय गाळलं ते आणि बंड्याचंही. मग त्यांनी फोन ठेवला.

मी खालचा नंबर लावला.